म्हशीच्या मापाचं दार

नाशिकहून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत चार साड्या, गुडघ्याचं तेल, मोजपट्टी आणि भरपूर आगाऊपणा एवढंच सामान होतं. समोरच्या कुसुमताई नेहमीप्रमाणे आपल्या चाकांच्या खुर्चीत जिन्यापाशी बसल्या होत्या.

“या वयात एकट्या कोल्हापूरला? कशाला?”

“एका बाईला ‘हो’ म्हणायला लावायचंय. दोन दिवसांचं काम आहे.”

दोन दिवसांचा आठवडा झाला. पण तो पुढचा भाग.

माझी नात रेवा आर्किटेक्ट आहे. पुण्याच्या एका काचेच्या इमारतीतली नोकरी सोडून ती वर्षभर कोल्हापुरात मंगळवार पेठेत भाड्याच्या खोलीत राहते आहे. सहा कलावंतांनी मिळून तिला काम दिलं होतं. सगळ्यांनी एकत्र राहायचं, एका चुलीवर जेवायचं, शेजारीच ज्याची त्याची कामाची जागा, आणि हे सगळं असं बांधायचं की झाडांना, ओढ्याला, जमिनीला त्याचा जाच होऊ नये. जागाही सापडली होती. कुरुंदवाडच्या अलीकडे एक बंद पडलेलं गुऱ्हाळ. अडलं होतं ते मालकीणबाईंपाशी. अक्काताई होकार देत नव्हत्या आणि नकारही देत नव्हत्या. रेवा तीनदा नकाशा घेऊन गेली आणि तीनदा चहा पिऊन परत आली. दर वेळी उत्तर एकच, “बघू की.” येत्या रविवारपर्यंत ठरलं नाही तर सहाही जण पांगणार होते, कारण त्यातल्या दोघांना आपल्या जागा सोडाव्या लागत होत्या. आणि रेवा पुन्हा काचेत.

“तू ये ना, आजी,” ती फोनवर म्हणाली. “तुम्ही दोघी एका वयाच्या. तुझं ऐकतील त्या.”

कोल्हापूर मला नवं नाही. तेविसाव्या वर्षी मी तिथे एका कचेरीत नकाशे काढायला होते, दोन वर्षं. त्या वेळच्या विमलची, म्हणजे माझी, आणि तुमची गाठ घालून द्यायलाच हवी. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, नाकावर चष्मा, आणि सगळं जग आपल्या फूटपट्टीची वाट बघत ताटकळलंय असा चेहरा. प्रत्येक गोष्टीला ती ‘आदर्श’ लावायची. आदर्श घर, आदर्श न्हाणी, आदर्श खिडकी. खानावळवाल्या मावशींना एकदा तिने आदर्श पोळीची व्याख्याही सांगितली होती. मावशींनी दुसऱ्या दिवशी ताटात पोळीच वाढली नाही. ज्या गावांसाठी ती घरं काढायची, त्या गावांत तिने पाऊल टाकलं नव्हतं. धूळ फार, असं तिचं म्हणणं.

तर ही म्हातारी झालेली विमल सकाळच्या बसने निघाली. कराड मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. शेजारी एक बाई भडंगाची पुडी उघडून बसल्या होत्या. निम्मी माझ्या ओंजळीत ओतून म्हणाल्या, “खावा की! बघत काय बसलाय, सिनेमा हाय व्हय?” कोल्हापूर जवळ आल्याची खूण पटली.

संध्याकाळी रेवाने मला स्टँडवरून थेट गंगावेशीत नेलं. तिथे म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात आणि गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात देतात. फेस नाकाला लागेपर्यंत भरलेला, कोमट, गोडसर. तरुणपणी याच जागेवरून मी नाकाला रुमाल लावून जायची. आता दोन पेले प्यायले. गवळी म्हणाला, “मिशी पुसू नगा, आज्जी. झ्याक दिसतीया.” मी पुसली नाही.

दुसऱ्या दिवशी संभाजीच्या टेम्पोतून निघालो. संभाजी त्या सहांतला एक, गणपतीच्या मूर्ती करतो. बोलणं कमी, पण पावलोपावली हॉर्न. वाटेत कबनूरला शबानाला घ्यायचं होतं. ती हातमागावर विणते, आणि तिच्या गल्लीत दोन्ही बाजूंना यंत्रमाग चालू. कानठळ्या बसणारा खडखडाट. त्यातून ती आली ती ओरडतच, आणि टेम्पो गावाबाहेर पडल्यावरही ओरडतच राहिली.

“आज्जी! मला तिथं शांत जागा मिळणार हाय! पण एक भीती वाटतीया!”

“कसली गं?”

“आवाज नसला की मला झोप येत न्हाई!”

रेवा हसत म्हणाली, “म्हणून तुझी खोली ओढ्याच्या बाजूला दिलीय. बेडूक आहेत.”

गुऱ्हाळ पाहिलं आणि मी टेम्पोतून अक्षरशः उडी मारली. गुडघ्याने निषेध नोंदवला, तो मी ऐकला नाही. चहूकडे ऊस, खाली ओढा, आणि मधोमध उंचवट्यावर कमरेइतक्या दगडी जोत्यावर जुनी लांबलचक शेड. आत चुलाण (गुळाची काहील ठेवायची भली मोठी चूल) अजून शाबूत. भिंतींना हात लावला तर बोटांना मंद गोड वास. मागच्या बाजूला वर्षानुवर्षांच्या राखेचा आणि चिपाडांचा एक ढीग जोत्याला टेकून पसरलेला. त्यावर गवत माजलं होतं.

रेवाने नकाशा जोत्यावर पसरला. आणि खोटं कशाला सांगू, नातीचा नकाशा बघून माझ्या अंगावर काटा आला. चुलाणाभोवती सामायिक स्वयंपाकघर. अंगणाभोवती सहा छोट्या खोल्या, मातीच्या विटांच्या. छपराला गावातल्या पडलेल्या घरांची कौलं, त्यांच्याखाली पाचट (उसाचा वाळलेला पाला) दाबून बसवायचं, म्हणजे वैशाखातही आत गारवा. न्हाणीचं पाणी केळींना. उत्तरेला मोठी कामाची जागा, चित्रकारांना दिवसभर सारखा उजेड मिळावा म्हणून. समोर सात रुंद पायऱ्या, सगळ्यांनी संध्याकाळी टेकून गप्पा मारायला. एकही झाड तोडायचं नव्हतं. मागचा राखेचा ढीग तेवढा हलवून तिथे भाजीचे वाफे.

“आणि हे खाली ओढ्याकाठी काय?”

“गोठा. अक्काताईंच्या म्हशी सध्या इथेच बांधतात, जोत्याखाली. त्यांनी विचारलं, म्हसरांचं काय? म्हणून मी त्यांना नवा गोठा काढून दिला. हवेशीर. आजी, याहून जास्त काय करायचं?”

मी मनात म्हटलं, बाई हट्टी दिसतेय.

अक्काताई विळा हातात घेऊन बांधावरून आल्या. हिरवं लुगडं, माझ्याहून वीतभर बुटक्या, आवाज मात्र दोन शेतांपलीकडे जाईल असा. मी सगळी मधाळ भाषा काढली. नातीचं कौतुक केलं, मातीच्या भिंतींचं केलं, कलावंतांचं केलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आणि पाणी आलं की?” त्यांनी विचारलं.

रेवा पुढे झाली. “जोतं तसंच ठेवलंय, अक्काताई. मागच्या महापुरात पाणी जोत्याच्या खालीच राहिलं होतं ना? माणसं कोरडी राहतील.”

“माणसं. व्हय.” त्यांनी विळा कमरेला खोचला. “बघू की. चला, पावणं, जेवायलाच चला आता.”

त्यांचं घर मैलभर अंतरावर, उंच माळावरच्या वसाहतीत. पुराच्या भीतीने पूर्वी कधीतरी गावातली काही कुटुंबं तिथे हलवलेली. टेम्पो वळला, पहिल्या घराची भिंत दिसली, आणि मी चष्मा सारखा केला. खिडकीवर सिमेंटची जाळी. जाळीत कमळ. पुढच्या घरावर कमळ. त्याच्या पुढच्यावर कमळ. ओळीने कमळंच कमळं.

वाचकहो, ते कमळ माझं होतं. त्या एका जाळीसाठी तेविसाव्या वर्षीची विमल साहेबांशी भांडली होती, जेवली नव्हती, आणि मंजुरी मिळाल्यावर खोलीवर जाऊन नाचली होती. ‘गरिबाच्या घरीही कला पोचली पाहिजे’ असं वहीत लिहून ठेवलं होतं. आता बघते तर प्रत्येक कमळात चिंध्या कोंबलेल्या.

“पाऊस आत येतोय न्हवं,” अक्काताई म्हणाल्या. “आणि वटवाघळं.”

आत जाऊन जेवायला बसलो. कृष्णाकाठची वांगी, ज्वारीची भाकरी, खर्डा, वर दही. इतकं चवदार जेवण आणि माझा घास फिरत होता, कारण अक्काताई जेवता जेवता घर दाखवत होत्या. फळीला हात पुरत नाही, ती काढणाऱ्याला काय ताडाचं झाड राहायला येणार होतं? (विमल उंच होती.) चूल आणि मोरी पाठीला पाठ लावून का? (पाइप कमी लागतो म्हणून.) शेवटी त्या पुढच्या दाराशी आल्या. अडीच फुटांचं दार.

“ह्यो बघा शहाणपणा. गावातल्या घरात आमची जनावरं सोप्यात असायची, दारातनं आत आलं की पयल्यांदा म्हैस, मग माणूस. रातीला खोकली तरी कळायचं. इथं आलो आणि म्हैस दारात अडकली. शिंगं ही एवढी! माझी सासू दारात बसून रडली. मग म्हसरं खाली रानातच ठेवली, ओढ्याकडं.”

त्यांनी ताट सरकवलं. “महापुरात रातीत पाणी चढलं. मी आणि ल्योक पळत गेलो, दावी कापली. तीन गेल्या राखेच्या ढिगावरनं वर जोत्यावर. हरणी न्हाई पोचली. गाभण हुती.”

रेवाने हातातला घास खाली ठेवला. तिलाही तेव्हाच कळलं. आपण ज्याला कचरा समजून नकाशातून पुसला, तो ढीग नव्हता. तो चढ होता.

“मग हे आधी का नाही सांगितलंत, अक्काताई?” ती कशीबशी म्हणाली.

“सांगितलं की. म्हसरांचं काय, म्हटलं. तू गोठा काढून दिलास, तो बी ओढ्याकडंच. आता तू गुणाची पोरगी. न्हाई म्हणवत न्हाई तुला. आणि व्हय म्हणलं तर माझी जनावरं बुडत्यात. म्हणून बघू की, बघू की.”

आता मी काय करायला हवं होतं? गप्प बसून दही संपवायचं. कोणाला काही कळलं नसतं. नकाशाखाली सही साहेबांची होती, माझं नाव कुठेच नव्हतं. पण ते चिंध्या कोंबलेलं कमळ माझ्याकडे बघत होतं.

“अक्काताई,” मी म्हटलं, “ते दार मी काढलं.”

“काय?”

“हे घर. ही सगळी घरं. दार, फळी, कमळ. मीच ती शहाणी.”

अक्काताई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्या उठल्या, दारात गेल्या आणि सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल असं ओरडल्या, “अगं ए सुनीता! शेवंता! बाहेर या गं! दार आलंय बघा, दार! आपल्या पायानं चालत आलंय!”

पाच मिनिटांत अंगण भरलं. सुनीता म्हणजे त्यांची सून, शेवंता शेजारीण, बाकीच्यांची नावं मी विसरले, पण तक्रारी नाही विसरले. एकीने खिडकी सांगितली, दुसरीने न्हाणी. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले आणि म्हणाले, “बाई, माझी पलंगाची कहाणी ऐका,” आणि ती तासभर चालली. शेवंता म्हणाली, “कमळ तेवढं बरं हाय हो. माझी पोरगी त्येच बघून रांगोळी शिकली.” मी तिच्या गळ्यात पडायची बाकी राहिले होते. इतकी बोलणी आयुष्यात एका दुपारी खाल्ली नव्हती, आणि खरं सांगते, इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं.

परतताना टेम्पोत रेवा नकाशा मांडीवर उघडून बसली. मग म्हणाली, “आजी, मीही तेच केलं ना?”

“तू निदान तीनदा चहा प्यायलीस त्यांच्याकडे. मी तर धुळीला घाबरले होते.”

पुढचे तीन दिवस काय सांगू! माझ्या वयाची बाई इतकी धावली तर लोक डॉक्टरला बोलावतात. आम्ही कागद गुंडाळून ठेवला आणि नकाशा जमिनीवर काढला, चुन्याच्या फक्कीने, खऱ्या मापाचा. ही खोली, हे अंगण, इथे शबानाचा माग. सहाही जण त्या पांढऱ्या रेघांत राहून बघायला लागले. कोणी रेघेवरून पलीकडे गेलं की शबाना ओरडायची, “भिंतीतनं कुठं चाललाय? दारातनं जावा!” राखेचा ढीग तसाच ठेवला, वर मुरूम टाकून चोपला, की तो पक्का चढ व्हावा. त्याच्या माथ्यावर, म्हणजे उत्तरेच्या मोठ्या कामाच्या जागेलाच, दार. वर्षभर ती कलावंतांची. पुराचं पाणी ओढ्याबाहेर आलं की ती म्हशींची. जमीन दगडी, एका बाजूला उतरती, शेण-मूत धुऊन केळींकडे जाईल अशी.

“माझा माग?” शबानाने विचारलं.

“त्याला आतल्या बाजूला उंच ओटा,” रेवा म्हणाली. “मधे आडवं लाकूड. चालेल? चार दिवस म्हशी सोबत?”

“यंत्रांपरीस बऱ्या. त्या निदान मधेच थांबत्यात तरी.”

संभाजी तीन दिवसांत पहिल्यांदा लांबलचक बोलला. “दार मोठं करा. मागल्या वर्षी मूर्ती बाहीर निघना, माझ्या जुन्या खोलीचं दार फोडलं. म्हशीच्या नावानं माझा बी गणपती बाहीर पडंल.”

राहिलं माप. रविवारी सकाळी अक्काताई आल्या, मागे दोरीला त्यांची म्हैस चंद्री. काळीभोर, शिंगं तलवारीसारखी पाठीमागे वळलेली आणि मग बाहेर फाकलेली. चढाच्या माथ्यावर आम्ही दाराच्या जागी दोन बांबू रोवले होते. मी मोजपट्टीने मोजून चार फूट ठेवले होते आणि मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली होती, की बघा, विमल किती सुधारली.

“मी सांगणार न्हाई काही,” अक्काताई म्हणाल्या. “तिला विचारा.” आणि त्यांनी दोरी माझ्या हातात दिली.

मी चंद्रीपुढे चढ चढायला लागले. ती मागे आली, अगदी शहाण्या मुलीसारखी. बांबूंपाशी मात्र थांबली. मान फिरवून एक शिंग बघितलं, दुसरं बघितलं. मी दोरी ओढली. तिने शेपटी अशी फिरवली की माझा चष्मा मुरमात आणि शेणाचा एक फटकारा गालापासून कानापर्यंत. खाली हशा पिकला. शबानाचा सगळ्यात मोठा.

“पाच!” रेवा ओरडली. संभाजीने बांबू उपटून पाच फुटांवर रोवला. चंद्री पुढे झाली, नाक आत घातलं, परत मागे. तिला बळजबरी करायची नाही असं ठरलेलं. मी उभी. रेवा ओठ चावत उभी. वर्षभराचं काम आणि सहा माणसांचं घर एका म्हशीच्या नाकावर टांगलेलं, आणि ती शांतपणे रवंथ करते आहे.

“साडेसहा करा,” मी म्हटलं. “आणि मला बाजूला होऊ द्या. मीच दारात उभी आहे केव्हाची.”

मी चढाच्या कडेला झाले. दोरी सैल सोडली. चंद्रीने एकदा हुंगलं, मान खाली घातली आणि दोन्ही बांबूंच्या मधून, शिंग न लावता, थेट वर जोत्यावर गेली. तिथे उत्तरेच्या स्वच्छ उजेडात उभी राहिली आणि सगळ्या कलावंतांकडे असं बघितलं की जणू भाडेकरू तेच.

अक्काताईंनी पदराने डोळे पुसले, आणि लगेच कोणी बघितलं का ते बघितलं. मी बघितलं होतं.

“हिनं व्हय म्हटलं,” त्या रेवाला म्हणाल्या. “मग माझं काय राहिलं? बांधा.”

आम्ही सगळे इतके ओरडलो की ओढ्यातले बगळे उडाले. तिथेच जोत्यावर रेवाने नवा नकाशा पुरा केला. अक्काताई खांद्यावरून डोकावत होत्या. “आणि खाली नाव लिव्ह,” त्यांनी मला बजावलं. “ह्या बारीला पळून जाऊ नगंस.” मी कोपऱ्यात रेवाच्या नावाखाली माझं नाव लिहिलं. रेवाने त्याखाली आणखी एक ओळ घातली, ‘दाराचं माप: चंद्री.’

निघताना अक्काताईंनी मला बासुंदीचा डबा दिला आणि म्हणाल्या, “आता आमच्या घराच्या दाराचं बी बघायचं हाय. दिवाळीला ये. घण आणतो.”

परतीच्या बसमध्ये मी त्या तेविसाच्या विमलशी बरंच बोलले. फार रागावले नाही. तिला कोणी दोरी हातात देऊन चढावर उभं केलं नव्हतं, एवढंच तिचं चुकलं. कमळ मात्र तिला माफ.

नाशिकला जिना चढून वर आले, तर कुसुमताई आपल्या खुर्चीत जिन्यापाशीच.

“म्हणाली का ‘हो’ ती बाई?”

“म्हणाली. बासुंदी आणलीय. आत चला, वाटीत देते.”

“नको नको, मला इथेच बरं वाटतं. बाहेरची हवा.”

हे उत्तर मी नऊ वर्षं ऐकते आहे. बाहेरच्या हवेची त्यांना आवड आहे असंच मी धरून चालले होते. पिशवी खाली ठेवली. त्यांच्या खुर्चीकडे बघितलं, त्यांनी केव्हाच रुंद करून घेतलेल्या त्यांच्या दाराकडे बघितलं, माझ्या दाराकडे बघितलं, उंबऱ्याकडे बघितलं. मग पिशवीतून मोजपट्टी काढली आणि चौकटीला लावली.

अडीच फूट.

कुसुमताई माझ्याकडे बघत होत्या. बासुंदी मी दोन वाट्यांत काढली आणि बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर त्यांच्याशेजारी बसले. सुतार उद्या सकाळी येतो आहे. माप घ्यायला खुर्चीसकट त्यांनाच बोलावलं आहे.